गिरणीवाल्याच्या घरचं पीठ

चन्नप्पाने गिरणीचे नट सोडवले, झाकण भिंतीला टेकवून ठेवले आणि पहारीच्या आधाराने दगड मोकळा केला. मग कुंचा घेऊन तो दगडाच्या खाचा झाडू लागला. एकेका खाचेतून कालच्या गव्हाचे पीठ भुरभुरत खाली येत होते. दगड झाला की धान्य ओतायचा पत्र्याचा खोका, तो झाला की पीठ पडायच्या तोंडाला बांधलेली कापडी नळी. नळी त्याने सोडून बाहेर नेली आणि दाराजवळच्या दगडावर बडवून बडवून झटकली. चकलांब्याच्या रस्त्यावर अजून कुणी नव्हते. गेवराईची पहिली गाडी यायला अर्धा तास होता.

सोमवार होता. सोमवारी गिरणीत पहिले दळण जगदेवीचे.

गिरणी पुन्हा जुळवून त्याने बटण दाबले. आधी दोन किलो ज्वारी नुसती दगड धुवून निघावा म्हणून घातली आणि ते पीठ म्हशीच्या घमेल्यात काढले. मग जगदेवीची पाच किलो. पीठ पडू लागले तसा त्याने त्यात हात घातला, चिमूटभर पीठ अंगठ्याने बोटांवर चोळले, नाकाशी नेले. ऊन ऊन ज्वारीचा वास. त्यात दुसरे काही नव्हते. नव्हते, असे त्याला तरी वाटले.

दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत असले काही करायची वेळ आली नव्हती. गावातल्या निम्म्या घरांचे दळण तीस वर्षे त्याच्याकडे येत होते. गव्हावर ज्वारी, ज्वारीवर बाजरी, बाजरीवर हरभऱ्याची डाळ, जे येईल ते पाठोपाठ. कुणाच्या पिठात कुणाचे चिमूटभर गेले तर त्याचे कुणाला काही नव्हते.

जगदेवी मात्र दोन वर्षांपासून खंगत चालली होती. पोट फुगायचे, जुलाब व्हायचे, जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. रक्ताच्या गोळ्या झाल्या, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, दोन-तीन डॉक्टर झाले. शेवटी बीडला शाळेत शिकवणारी त्यांची लेक वर्षाराणी गावी आली आणि आईला तिथल्या पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासले, दुर्बीण घालून आतडे पाहिले. निकालाच्या दिवशी चन्नप्पाही गिरणी बंद ठेवून गेला होता.

"यांच्या आतड्याला गहू सोसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा गहू बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटं, सगळं बंद. महिन्या-दोन महिन्यांसाठी नाही, कायमचं."

"सणाला एखादी पोळी?" जगदेवीने विचारले.

"सणालासुद्धा नाही."

जगदेवीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"ज्वारी चालती का, साहेब?" चन्नप्पाने विचारले.

"ज्वारी, बाजरी, तांदूळ, भगर, सगळं चालेल. फक्त त्यात गव्हाचा कण मिसळता कामा नये."

चन्नप्पा खुर्चीत मागे टेकला. पोट फाडावे लागेल, मुंबई-पुण्याला न्यावे लागेल, असे काय काय तो मनात धरून आला होता. आणि निघाले काय, तर पिठाचे दुखणे. पिठाचेच असेल तर ते त्याच्या हातातले काम होते. डॉक्टरांनी त्याचा धंदा विचारला नाही आणि त्यालाही सांगायची गरज वाटली नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वर्षाराणी म्हणाली, "पप्पा, आईसाठी पाकिटातलं पीठ नेऊ या इथून. गहू नाही म्हणून त्याच्यावर लिहिलेलं असतंय."

चन्नप्पा पायरीवरच थांबला.

"गिरणीवाल्याच्या घरी पाकिटाचं पीठ? मला माझ्या बायकोपुरतं दळता येत न्हाई व्हय?"

"तसं नाही हो. लोक काय म्हणतील याचा विचार आता..."

"लोकांचं कोण बोलतंय? मी माझं बोलतो."

वर्षाराणीने आईकडे पाहिले. जगदेवी खालच्या पायरीवर कठडा धरून उभी होती. "दळतेत की ते," ती म्हणाली. "कावून वाद घालताव?"

*

घरातला गव्हाचा डबा त्याच दिवशी गिरणीत गेला. नवा तवा आला, नवी परात आली. चहाबरोबरचा टोस्ट सुटला, त्याच्या जागी भाजलेले शेंगदाणे आले. वर्षाराणी रोज संध्याकाळी फोन करी आणि आईला एकेका डब्याची चौकशी करी. एकदा तिने हिंगाची डबी हातात घ्यायला लावली आणि मागचे बारीक अक्षर चन्नप्पाकडून वाचून घेतले. हिंगात गव्हाचे पीठ घातलेले होते.

"आता हिंगातबी गहू?" जगदेवी म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी हसली. "मला वाटलं गहू नुसता तुमच्या गिरणीत असतोय. हा तर सगळ्या गावात शिरलाय."

लोकांना समजावणे त्याहून अवघड होते. भगवानरावाच्या नातवाच्या बारशाला पंगतीत जगदेवीच्या ताटात लापशी पडायच्या आतच तिने हात आडवा धरला. "अहो, गोडाचं आहे, नाही म्हणू नये," वाढणारी म्हणाली. दुखण्याचे नाव सांगून कुणाला कळण्यासारखे नव्हते. "उपास हाय माझा," जगदेवी म्हणाली. लगेच कुणीतरी भगर आणून वाढली, दाण्याची आमटी आणली. तेव्हापासून तिने हीच युक्ती धरली. पंधरा-वीस दिवसांत गावात बोलवा झाली की जगदेवीकाकूंचे उपास फार वाढले आहेत, एवढे कडक कुणी करत नाही. दोघी-तिघी तर तिच्या पायाही पडून गेल्या.

पण तब्येत म्हणावी तशी वळणावर येईना. तिसऱ्या आठवड्यात वर्षाराणीने तिला आठ दिवस बीडला नेले. परत आली तेव्हा तोंडावर तरतरी दिसत होती. हवापालट मानवला, असे चन्नप्पाला वाटले. घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच पुन्हा तेच. अंगण झाडताना मध्येच ती उकिडवी बसे. जेवण झाले की एक हात पोटावर धरून भिंतीला टेकून राही.

चन्नप्पाने मग कुंच्याबरोबर दात घासायचा ब्रश आणला. दगडाची एकेक खाच त्याने ओल्या फडक्याने पुसली. दगड धुवायला दोन किलोंच्या जागी चार किलो ज्वारी घातली. कापडी नळी नवी शिवून आणली. ती फक्त सोमवारी बांधायची, मंगळवारपासून जुनी.

आणि पाचव्या आठवड्यात खरोखरच फरक पडला. जगदेवीचे पोट शांत झाले. एक दिवस तो घरी आला तर ती शिडीवर चढून माळ्यावरची पातेली काढत होती. जेवताना तिने दुसरी भाकरी घेतली. चन्नप्पा पुढच्या ताटात बघत जेवत राहिला, पण त्याच्या पाठीला उगाच ताठपणा आला.

"गोळी न्हाई, इंजेक्शन न्हाई," त्याने दुसऱ्या दिवशी दळण घेऊन आलेल्या भगवानरावाला सांगितले. "नुसतं पीठ. पण दळणाऱ्याला त्याची कळ माहीत पाहिजे."

"घरातच वैद्य म्हणा की," भगवानराव म्हणाला.

"वैद्य कशाचा? दगड साफ ठेवायचा, बस."

*

त्या गुरुवारी दुपारी वीज गेली. तारांचे काम निघाले होते, पाच वाजेपर्यंत येणार नाही असे लाइनमन सांगून गेला. पोती रांगेत लावून चन्नप्पा घरी निघाला. एरवी संध्याकाळशिवाय तो कधी घरी जात नसे.

दाराला बाहेरून कडी होती. तो ओट्यावर टेकणार एवढ्यात त्याला आवाज आला. दगडावर दगड फिरल्याचा. गिरणीचा नव्हे, जात्याचा. आवाज शेजारून, रुक्मिणीबाईच्या गोठ्याच्या अंगाने येत होता. रुक्मिणीबाईचा मुलगा शहादेव आणि सून ऊसतोडीला माजलगावकडे गेले होते. म्हातारी घरी एकटीच होती. चन्नप्पाने तो आवाज नुसता ऐकला नाही, तपासला. दगड झिजून गुळगुळीत झालेला होता. दाणा धरत नव्हता, घसरत होता. दळणारीला चांगलाच जोर पडत असणार.

मधली भिंत कमरेएवढी होती. तो भिंतीपाशी गेला.

गोठ्याच्या सावलीत जात्याच्या दोन बाजूंना रुक्मिणीबाई आणि जगदेवी बसल्या होत्या. एका खुंट्याला दोघींचे हात. जगदेवीची पाठ त्याच्याकडे होती. तिचे दंड अजून बारीकच होते, पण हात थांबत नव्हता. जात्याभोवती पीठ पडत होते. ज्वारीचे.

"चन्नप्पाला सांगून टाक की आता," रुक्मिणीबाई म्हणत होती. "किती दिस चोरून दळशील?"

"कसं सांगू, आक्का? सोमवारी अंधारात उठतेत. ब्रश घेऊन दगड घासतेत. नळीसुद्धा नवी शिवली माझ्यासाठी."

"पण ते पीठ तुला बाधतंय ना?"

"बाधतंय. आठ दिस वर्षाकडं काढले तर काई झालं न्हाई. घरी आले, त्या पिठाची भाकर खाल्ली की झालं सुरू. कितीबी झाडलं तरी गिरणी ती गिरणीच." जगदेवीने मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडली. "तीस वरसं गव्हाचं दळण करतीय ती."

"मग त्यानं दळलेल्याचं काय करतीस?"

"म्हशीला घालते."

रुक्मिणीबाई हसली. "म्हणून म्हस फुगली होय गं!"

जगदेवीही हसली असावी, तिचे खांदे हलले. चन्नप्पाचा हात भिंतीवर होता. त्याने तो उचलला तेव्हा मातीच्या भिंतीवर पांढरा पंजा उमटलेला होता. वारा त्याच्या पाठीमागून गोठ्याकडे वाहत होता. त्याने आपल्या सदऱ्याकडे पाहिले, बाह्यांकडे, मनगटावरच्या केसांकडे. सकाळपासून गव्हाची सहा पोती काढली होती. वाऱ्याच्या झुळकीबरोबर बाहीवरून बारीक धूळ उठली आणि भिंतीपलीकडे गेली.

तो चटकन मागे सरला. दोन पावले, मग आणखी चार. मग दारही न उघडता तो तसाच गिरणीवर परत गेला आणि वीज नसताना पाच वाजेपर्यंत तिथे पोत्यावर बसून राहिला.

पहिला तासभर त्याला राग आला होता. सगळ्या गावाने त्याच्या हाताचे खावे आणि घरच्या माणसाने चोरून शेजारी दळावे. मग राग कुणावर धरायचा ते त्याला सापडेना. तो उठला, भिंतीवर बोट ओढून पाहिले. पीठ. विजेच्या वायरवर पीठ. कोपऱ्यातल्या महादेवाच्या तसबिरीच्या काचेवर पीठ. कुंचा ज्या खिळ्याला लटकावला होता त्या खिळ्यावरही पीठ.

*

दुसऱ्या दिवशी त्याने गिरणीच्या मागे पाण्याचा ड्रम बसवला आणि तीन बाजूंनी पत्रे उभे केले. संध्याकाळी गिरणी बंद केली की तिथेच डोक्यावरून आंघोळ करायची, गिरणीचे कपडे तिथेच ठेवायचे, धुतलेले घालून घरी जायचे.

"हे कावून?" जगदेवीने पहिल्याच दिवशी ओल्या केसांकडे बघत विचारले.

"पिठानं अंगाला खाज सुटती."

"तीस वरसं सुटली न्हाई ती?"

"आता वय झालं," चन्नप्पा म्हणाला आणि हात धुवायला मोरीकडे गेला.

सोमवारी तो अंधारात उठला, ब्रश घेऊन गेला, दगड घासला आणि पाच किलो ज्वारी दळून डबा घरी आणला. जगदेवीने डबा घेतला. "लई बारीक दळलं," ती म्हणाली. "हां," तो म्हणाला. त्याच दुपारी शेजारून जात्याचा आवाज आला असणार. तो गिरणीत होता, त्याला ऐकू आला नाही, पण दिवसभर त्याचे लक्ष तिकडेच होते.

बुधवारी जगदेवी रक्त तपासायला बीडला गेली. मुक्काम वर्षाराणीकडे होता. तिला गाडीत बसवून चन्नप्पाने गिरणीला कुलूप लावले, डोक्यावरून आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, घडीचा सदरा घातला. छिन्नी आणि हातोडी त्याने आदल्या दिवशीच राखेने घासून उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या. त्या नव्या फडक्यात बांधून तो रुक्मिणीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

रुक्मिणीबाई शेळीला पाला टाकत होती. तिने त्याच्याकडे पाहिले, हातातल्या गाठोड्याकडे पाहिले.

"आज गिरणी बंद कावून?"

"जात्याला टाकी लावायला आलो."

हातातला पाला म्हातारीने शेळीपुढे सोडून दिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"दगडानं. रस्त्यापर्यंत घसरल्याचा आवाज येतोय त्याचा." त्याने चपला दाराबाहेर काढल्या. "आक्का, यात गहू कधी दळला होता का?"

"माझ्या हयातीत न्हाई. तुरी भरडते, ज्वारी दळते. गहू तुझ्या गिरणीत जातोय ना?"

चन्नप्पा गोठ्यात बसला. वरचा दगड काढून त्याने मांडीसमोर उलटा ठेवला आणि बोटे फिरवून पाहिली. काळा दगड, मधोमध आरशासारखा घासलेला. गिरणीच्या दगडाला तो वर्षानुवर्षे टाकी लावत आला होता, डोळे मिटून लावू शकला असता. इथे मात्र तो सावकाश बसला. मधून कडेपर्यंत एकेक रेघ, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला लागून. दगडाची कपची उडे, तो फुंकर घाली, पुन्हा ठोके. दुपार झाली तशी म्हातारीने चहा आणला आणि जरा लांबच बसून बघत राहिली.

"तिला सांगू का तू येऊन गेलास म्हणून?"

"नगं."

"दोघंबी सारखेच हायती," रुक्मिणीबाई पुटपुटली.

दिवस कलताना दोन्ही दगड झाले. त्याने ते पाण्याने धुतले, वाळवले, जुळवले आणि स्वतः शेरभर ज्वारी दळून पाहिली. पिठात खडे आले. "हे टाकून द्या," तो म्हणाला. "आणखी शेरभर दळा, तेबी टाका. मग कच येणार न्हाई." उठताना त्याचे गुडघे वाजले. नखांत काळी धूळ भरली होती.

बीडहून जगदेवी दुसऱ्या दिवशी आली. रक्त दोन अंकांनी वाढले होते. डॉक्टर खूश होते, असेच चालू ठेवा म्हणाले. "असंच चालू ठेवा म्हनले," तिने चन्नप्पाला पुन्हा सांगितले आणि त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. तो चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होता, नखांत अजून दगडाची काळी धूळ होती. "मग ठेवू," तो म्हणाला.

*

त्यानंतरच्या आठवड्यात, दिवस मावळायच्या बेताला, चन्नप्पा कुणाचे तरी गहू खोक्यात ओतत होता. सहज वर पाहिले तर रस्त्याच्या पलीकडे, पंक्चरच्या दुकानापाशी जगदेवी उभी होती. बीडच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती गिरणीकडे फिरकली नव्हती. आताही ती रस्ता ओलांडून आली नाही. हातात पिशवी होती.

त्याने बटण बंद केले. पट्टा फडफडत थांबला. तो दाराशी आला, पण उंबरठ्याच्या आतच राहिला.

"अवो," तिने तिकडूनच आवाज दिला. "रुक्मिणआक्का लेकीकडं गेल्या. चार दिस येत न्हाईत. किल्ली मला देऊन गेल्या."

"मग?"

"एकटीला जड जातंय. दुसरा हात लागतोय."

एक ट्रॅक्टर दोघांच्या मधून गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघेही आपापल्या जागी थांबले. कसले काम, हे चन्नप्पाने विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

"आंघोळ करून येतो," तो म्हणाला.

जगदेवीने पिशवी दुकानाच्या बाकड्यावर ठेवली. "धुतलेला सदरा हाय त्यात," म्हणाली आणि घराकडे वळली.

तो गेला तेव्हा तिने गोठा झाडून जात्याखाली धुतलेले लुगडे अंथरले होते. ती एका बाजूला बसली होती. तो समोर बसला. ज्वारीचे सूप त्याच्याकडे सरकवून तिने खुंटा धरला आणि दगड फिरवायला लागली. चन्नप्पाने भरली मूठ उचलून जात्याच्या तोंडात सोडली. दगड अडखळला आणि थांबला.

"एवढं न्हाई वैरायचं," जगदेवी म्हणाली. "थोडं थोडं सोडा. ही गिरणी न्हाई."

त्याने तोंडातले दाणे बोटाने काढले आणि पुन्हा सोडले, या खेपेस दोन बोटांच्या चिमटीतून. दगड फिरू लागला. कडेने बारीक पांढरे पीठ पडू लागले. जगदेवीने चिमूटभर पीठ उचलून अंगठ्याने चोळून पाहिले. मग खुंट्यावरचा आपला हात तिने थोडा वर घेतला. खाली एका हाताची जागा मोकळी झाली.